खिडकीजवळचा आयत

मी लोकांची घरं सजवून देतो. त्याआधी अठरा वर्षं शाळेत चित्रकला शिकवत होतो. शाळा सोडून या धंद्यात कसा आलो, हे सांगायला माझ्याकडे एक ठरलेली गोष्ट आहे. आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत रोज भांडणं व्हायची. एका सुट्टीत मी तिथलं मोठं कपाट दाराजवळून हलवून मागच्या भिंतीला लावलं, टेबलं फिरवली, आणि शाळा सुरू झाल्यावर भांडणं बंद. जागा बदलली की माणूस बदलतो, हे मला त्या दिवशी उमगलं, असं म्हणून मी चहाचा घोट घेतो आणि गिऱ्हाइकाकडे बघतो. एक तपशील मात्र मी गाळतो. त्याच सुट्टीत भूगोलाचे सर निवृत्त झाले होते, आणि भांडणं तेच उकरून काढायचे. हे माझ्या बायकोनं माझ्या लक्षात आणून दिलं. पण तोवर मी राजीनामा देऊन बसलो होतो.

शाळेतून येताना मी खडूचा एक मोठा खोका घेऊन आलो. पहिल्यांदा तो निरोपाची आठवण म्हणून घेतला होता, मग त्याचीच माझी पद्धत झाली. झालं असं, की मी काढलेले नकाशे कुणाला कळायचेच नाहीत. लोक कागदाकडे बघून माना डोलवायचे, आणि काम पूर्ण झाल्यावर म्हणायचे, "अहो, हे कपाट इथे येणार होतं?" मग मी ठरवलं, कागद बाजूला. जुनं सामान एका खोलीत कोंबायचं आणि बाकीच्या फरशीवर खऱ्या मापात खडूनं नवं घर काढायचं. इथे सोफा, इथे टेबल, इथे कपाट, त्याचं दार एवढं उघडणार. घरच्यांनी आठवडाभर त्या रेघांमध्ये राहायचं. अंगावर घालून बघितल्याशिवाय आपण सदरा घेत नाही, मग घर कसं घ्यायचं?

पद्धतीचे दोन नियम होते. पहिला, घरातल्या कुणालाही वाटलं तर त्यानं रेघ पुसावी, नवी काढावी. खडू दाराशी ठेवलेला असे. दुसरा, कुणी काढलं हे मी कधीही विचारणार नाही. फळ्यावर चित्र दिसलं की "कुणी काढलं हे?" असं ओरडणारे शिक्षक मी पाहिले आहेत. त्यानंतर त्या वर्गात कुणी काही काढत नाही. म्हणून मी रोज सकाळी जायचो, फरशी बघायचो, आणि त्या खुणांवरून घरातल्यांच्या मनात काय आहे ते ओळखायचो. ओळखायचो म्हणजे, ओळखलं असं सांगायचो.

या पद्धतीचा मला फार अभिमान होता. मिस्त्री, म्हणजे गेली वीस वर्षं माझी लाकडाची कामं करणारा माझा सुतार, त्याला 'मास्तरांची रांगोळी' म्हणायचा.

तर त्या वर्षी माझ्याकडे एक जोडपं आलं. बायको दाताची डॉक्टर. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान. दोघंही माणसं चांगली, फक्त धंदा अंगात मुरलेला. डॉक्टर कुठलीही अवघड गोष्ट सांगायच्या आधी म्हणायची, "जरा कळ लागेल हं." आणि नवऱ्याला रंगांचे दोन नमुने दाखवले, की तो मलाच विचारायचा, "आता सांगा, पहिला बरा की दुसरा? पहिला... की दुसरा?" त्यांना आठ वर्षांची मुलगी होती. स्वतःपेक्षा मोठ्या वस्तू या खोलीतून त्या खोलीत ओढत नेण्याच्या सवयीमुळे तिला सगळे मुंगी म्हणत.

घर तसं लहानच. एक बैठकीची खोली, एक निजायची, स्वयंपाकघर, आणि मागच्या बाजूला एक छोटी खोली, जिच्यात पेट्या, जुना पंखा आणि मुंगीची पुस्तकं होती. त्यांनी मला बोलावलं होतं ते बैठकीची खोली नीट करायला आणि मुंगीच्या पुस्तकांसाठी एखादं कपाट करायला. एवढंच.

पण एवढंच करून मी परत येतो होय? मी मागची खोली बघितली आणि माझ्यातला शिक्षक जागा झाला. वाढत्या वयाच्या मुलाला स्वतंत्र अभ्यासाची खोली हवी, मी म्हणालो. तिथे शांतता हवी, स्वतःचं टेबल हवं, स्वतःचा दिवा हवा. अठरा वर्षांत मी कुठली मुलं पुढे गेली आणि कुठली मागे पडली ते पाहिलं आहे, वगैरे. वीस मिनिटं मी बोललो. डॉक्टरनं टिपून घेतलं. ते सगळं स्वयंपाकघरात कुणीतरी ऐकत होतं, हे मला पुढे फार उशिरा कळलं.

त्या घरात चार माणसं राहत होती. चौथी नवऱ्याची आत्या. त्याचे आईवडील तो लहान असताना गेले, तेव्हा तिनं त्याला वाढवलं होतं. टेलिफोन खात्यात नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि आता बैठकीच्या खोलीतल्या दिवाणावर झोपायची. माझं भाषण ऐकल्यावर तीन दिवसांनी तिनं घरात जाहीर केलं, की नोकरीतल्या दोन मैत्रिणी जिथे राहतात त्या ज्येष्ठांच्या वसतिगृहात एक जागा रिकामी झाली आहे. काम निघतंच आहे, तर पहिल्या तारखेला आपण तिकडे जाऊ. काम होईपर्यंत म्हणून. पुढचं पुढे बघू. भाच्यानं नको म्हटलं, सुनेनं नको म्हटलं, पण आत्या आनंदानं निघाली आहे असं दोघांनाही वाटलं, कारण ती दिवसभर गुणगुणत होती.

मला यातलं काही माहीत नव्हतं. मी घरच्यांना बत्तीस प्रश्नांची एक यादी भरायला देतो. ती त्यांनी आठवड्यानंतर परत दिली. 'घरात राहणाऱ्या व्यक्ती' या रकान्यात 'तीन' लिहिलं होतं. मी गेलो की आत्या दार उघडायची, तेव्हा तिच्या काखेत पर्स असायची आणि पायांत चपला. मला वाटलं, या कुणीतरी सकाळी येतात, मुंगीला शाळेत सोडतात आणि जातात. 'आधी माणसं मोजा, मग भिंती' हे वाक्य मी दर बैठकीत ऐकवतो. तरी मी तीनच मोजली.

मी खडूचं घर काढलं. दिवाण मोडीत जाणार होता, म्हणून तो बाकीच्या सामानाबरोबर निजायच्या खोलीत उभा करून ठेवला. मागच्या खोलीत अभ्यासाचं टेबल काढलं, पुस्तकांचं कपाट काढलं, गोल गालिचा काढला. बैठकीच्या खोलीत खिडकीखाली मोठा सोफा काढला. आत्या त्या आठवड्यात खिडकीजवळ फरशीवर गादी घालून झोपली. मी यायच्या आधी ती गादी गुंडाळून ठेवायची.

पहिल्या सकाळी मी गेलो, तर सोफ्याची अर्धी रेघ पुसलेली आणि तिच्या जागी खिडकीजवळ एक आयत काढलेला. बाजू वाकड्या, पण आयतच. मला आनंद झाला. घर बोलायला लागलं होतं. मी खाली बसून माप घेतलं. साडेपाच फूट बाय अडीच. वहीत लिहिलं: 'खिडकीजवळ मोकळी जागा हवी आहे. प्रकाशाची ओढ.' सोफा मी समोरच्या भिंतीला हलवला.

दुसऱ्या दिवशी तो आयत ओल्या फडक्यानं पुसलेला होता, आणि त्या पुसट जागेवर पुन्हा काढलेला. एका टोकाला आत आणखी एक छोटा आयत. मी लिहिलं: 'काढणारा हात एक, पुसणारा दुसरा. हवं आहे, पण मागायला संकोच वाटतो. या घरात एक मूक द्वंद्व आहे.' हे वाक्य मला इतकं आवडलं, की घरी जाऊन बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांच्याकडे फरशी कोण पुसतं, ते विचारलंत का?" मी म्हटलं, विचारायचं नाही हाच तर नियम आहे. ती पुन्हा भाजी निवडू लागली.

तिसऱ्या दिवशी आयताच्या बाजूला दोन लांबट गोल आले, जोडीनं, आणि डोक्याकडे एक लहान वर्तुळ. आता मात्र माझ्या प्रतिभेला आवर राहिला नाही. दोन गुळगुळीत दगड. पाण्याचं एक भांडं. एका टोकाला बैठक. दिवसभर लोकांच्या तोंडात आणि डोळ्यांत बघणारी ही दोन माणसं, त्यांना संध्याकाळी डोळे मिटून बसायला एक कोपरा हवा होता, आणि ते एकमेकांना सांगायला लाजत होते.

मी दोघांना समोर बसवलं आणि हे सगळं समजावून सांगितलं. मी म्हटलं, खिडकीजवळ काळ्या दगडाचा बुटका चौथरा करू, वर काहीही ठेवायचं नाही. रिकामी जागा ही घरातली सगळ्यात महाग वस्तू असते. डॉक्टरनं नवऱ्याकडे फार प्रेमानं बघितलं. नवऱ्यानं डॉक्टरकडे. रेघा दुसऱ्यानं काढल्या आहेत अशी दोघांचीही खात्री होती, आणि आपल्या माणसाला असं काही हवं होतं हे आपल्याला कळलं नाही, याची दोघांनाही चुटपुट लागली. माझ्या बोलण्यानं एखाद्या जोडप्याच्या डोळ्यांत पाणी यावं, हे त्याआधी कधी झालं नव्हतं. मी रविवारी मिस्त्रीला घेऊन येतो म्हणालो. रविवारी महिन्याची एकोणतीस तारीख होती.

रविवारी सगळे घरी होते. मिस्त्री आत आला, चपला काढल्या, आणि माझ्याबरोबर खिडकीपर्यंत आला. मी त्याला चौथऱ्याची उंची सांगायला सुरुवात केली. त्यानं फरशीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"मास्तर, इथे निजतं कोण?"

मी म्हटलं, कुणी निजत नाही, ही ध्यानाची जागा आहे.

"ही उशी," तो अंगठ्यानं दाखवत म्हणाला. "ह्या सपाता. आणि हे तांब्या नाहीतर चष्मा ठेवायचं. साडेपाच बाय अडीच म्हणजे गादी. मी जन्मभर पलंग केलेत हो."

मी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. डॉक्टर समोरच होती. तिला ते सवयीचं असावं.

तेवढ्यात मुंगी पुढे आली. तिच्या हाताला खडू लागलेला होता, आणि तो गेले तीन दिवस माझ्या डोळ्यांदेखत लागलेला होता. ती माझ्याकडे बघून म्हणाली, आवाजात राग अजिबात नव्हता, उलट चुकलेल्या मुलाला सांभाळून घ्यावं तसा सूर होता:

"ती आत्याआजीची जागा आहे. तुम्ही काढायला विसरलात, म्हणून मी काढली. ती रोज पुसते."

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आज काखेत पर्स नव्हती. ती घाईघाईनं म्हणाली, की पोरीचं काय ऐकता, मीच तिला सांगितलं होतं सरांचं चित्र खराब करू नकोस म्हणून, आणि मी तर परवा जाणारच आहे, काम होईपर्यंत.

"आणि काम झाल्यावर कुठे येणार?" मुंगीनं विचारलं. "चित्रात तर तू कुठेच नाहीयेस."

मी फरशीवरचं सगळं घर पुन्हा एकदा नजरेखालून घातलं. सोफा दोन फुटांनी सरकवून मी भांडणं मिटवणार होतो, माणसं बदलणार होतो. आणि एका जिवंत माणसावरून मी रेघा ओढून मोकळा झालो होतो.

डॉक्टर खुर्चीत बसली. ती हळू आवाजात म्हणाली, की आत्या स्वतःच खूश होत्या, मैत्रिणी आहेत म्हणाल्या. भाचा म्हणाला, आत्या, तू म्हणालीस ना तुला जायचंय. आत्या म्हणाली, हो, म्हणाले ना. मग थांबून तिनं माझ्याकडे बोट केलं नाही, पण मान किंचित माझ्याकडे वळवली, आणि म्हणाली, की सर म्हणाले तेही खरंच होतं, पोरीला शांतता लागते. दिवाणावर मी खोकते. आणि मागची खोली एकच आहे.

म्हणजे ते माझं भाषण होतं. ते वीस मिनिटांचं.

अशा वेळी चांगला माणूस क्षमा मागतो. मला ते सुचलं नाही. मला शाळेतलंच सुचलं. मी दाराशी ठेवलेल्या खोक्यातून एक अख्खा खडू घेतला, मागच्या खोलीत गेलो आणि आत्याला बोलावलं. म्हटलं, आत्या, ही खोली कुणाची ते ठरायचंय. तुम्हाला झोपायला किती जागा लागते, तेवढी फक्त काढून दाखवा. पुढे काय करायचं ते घरचे ठरवतील.

ती नको नको म्हणाली. मग एकदाची खाली बसली आणि भिंतीच्या अगदी कडेला तिनं एक आयत काढला. मला मोजायची गरज पडली नाही. चार फूट बाय दीड.

मिस्त्री दारातून म्हणाला, "आत्या, एवढ्यात मांजर निजेल."

मुंगी म्हणाली, थांब, मी काढते, तू नुसती झोप. तिनं आत्याला हाताला धरून फरशीवर आडवं केलं. आत्या हसत होती, लाजत होती, साडी सारखी करत होती. ती कुशीवर वळली आणि सवयीनं गुडघे पोटाशी घेतले. मुंगी तिच्याभोवती खडू फिरवू लागली आणि अर्ध्यात थांबली.

"पाय सरळ कर ना."

"असेच असतात गं माझे."

"रात्री पण?"

"दिवाण तेवढाच आहे बाई."

भाचा इतका वेळ दाराला टेकून उभा होता. तो एकदम आत आला आणि आत्याच्या पायांशी उकिडवा बसला. तो दिवाण त्याच्यासाठी घेतलेला होता, तो आठ वर्षांचा असताना. त्याचे पाय बाहेर यायला लागले तेव्हा त्याला पलंग आला, आणि दिवाण आत्याकडे गेला. पंचवीस वर्षं तो त्या दिवाणाला वळसा घालून दुकानात जात होता. दिवसाला शंभर माणसांना तो विचारतो, दिसतंय का नीट. त्यानं आत्याचे दोन्ही घोटे धरले आणि हलकेच पुढे ओढले.

आत्याचे पाय सरळ झाले. टाचा अभ्यासाच्या टेबलाची रेघ ओलांडून पलीकडे गेल्या.

मुंगीनं पूर्ण रेघ काढली, बोटं धरून. डॉक्टर उठून आली. तिनं खाली वाकून टेबलाची रेघ तळहातानं पुसायला सुरुवात केली. सांगितलं कुणी नव्हतं. मग म्हणाली, "मुंगीला वेगळी खोली हवी, असं मुंगी कधी म्हणाली होती का? मला कुणी सांगितलं?"

"मी," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "तुम्हीच."

मुंगी कुठे अभ्यास करते, ते मग मी पहिल्यांदाच विचारलं. ती म्हणाली, स्वयंपाकघरात, ओट्याखाली. तिथून आत्याआजीचे पाय दिसतात आणि पाढे अडले की ती वरून सांगते. बत्तीस प्रश्नांच्या माझ्या यादीत हा प्रश्न नव्हता.

परवाची जागा रद्द करायला आत्यानं वसतिगृहात स्वतःच फोन केला. मैत्रीण पलीकडून बराच वेळ ओरडत होती, तेवढं सगळ्यांना ऐकू आलं. फोन ठेवल्यावर आत्या मला म्हणाली, की आता खोलीचं तुम्ही बघा, मला काहीही चालेल.

तीस वर्षांच्या अनुभवावर सांगतो, 'मला काहीही चालेल' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला कधी हात लावू नये. पहिल्या आठवड्यात तिला खरंच काहीही चाललं. दुसऱ्या आठवड्यात तिनं विचारलं, पडल्या पडल्या रस्ता दिसेल एवढा पलंग उंच होईल का. केला. मग म्हणाली, इतका उंच की उतरताना भीती वाटते. कमी केला. आतून कडी हवी. मग कडीचा आवाज नको. भिंतीला पिवळा रंग लावला, तर त्यात आपण काविळीचे दिसतो म्हणाली. पांढरा लावला, तर मी काही दवाखान्यात आले नाहीये म्हणाली. शेवटी तिनं पानाच्या देठासारखा हिरवा स्वतः निवडला. मला तो भयंकर वाटला आणि त्या खोलीला तो शोभला. बिचारी डॉक्टर एकदा फोनवर म्हणाली, "सर, आत्या अशा आहेत हे आम्हाला माहीतच नव्हतं." तिच्या आवाजात थोडी तक्रार होती आणि बरंचसं कौतुक.

काम संपायच्या दिवशी फक्त एक खुंटी राहिली होती. आत्या नव्या पलंगावर हातपाय पसरून आडवी पडली होती, साडेसहा फुटांच्या पलंगावर, आणि तिथून हुकूम सोडत होती. मिस्त्री भिंतीशी उभा होता, मी पेन्सिल धरून, आणि मुंगी पलंगाच्या पायथ्याशी पोटावर पडून गृहपाठ करत होती. दोन बोटं वर, आत्या म्हणाली. मी खूण वर केली. जरा डावीकडे. केली. आता पुन्हा दोन बोटं खाली. मिस्त्रीनं माझ्याकडे बघून डोळे फिरवले आणि यंत्र लावलं. भिंतीतून हिरवा-पांढरा भुगा माझ्या बाहीवर पडला.

आत्या डोकं वर करून बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिली.

"नाही हो सर," ती म्हणाली, "आधीचीच जागा बरी होती."